धोतर, पोलाद आणि कोंबडी

इंग्लंडच्या नकाशावर मँचेस्टर सापडायला वेळ लागत नाही. तिथून उत्तरेकडे वीस-पंचवीस मैल बोट सरकवले, की टेकड्यांच्या खोलगटात ब्लॅकबर्न नावाचे गाव लागते. गावातून ब्लेकवॉटर नावाचा एक ओढा वाहतो. आता तो बराचसा रस्त्यांच्या पोटातूनच जातो. ह्या गावाशी तुमचाआमचा संबंध काय, असे आज कोणीही विचारील. पण शंभर वर्षांपूर्वी तसे विचारण्याचे कारण पडले नसते, कारण हिंदुस्थानातल्या लक्षावधी पुरुषांच्या कमरेचे धोतर ह्याच गावाच्या मागांवरून उतरलेले असे. मधल्या काळात तो धागा तुटला. आणि मग २०१० सालच्या नोव्हेंबर महिन्यात पुण्याच्या एका उद्योगपती घराण्याने ह्या गावचा फुटबॉल क्लब चक्क विकत घेतला. धागा पुन्हा जुळला खरा, पण असा काही पीळ पडून जुळला, की तो अजून सुटलेला नाही.

ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आली ती बहुतेक गंमत म्हणून. कोंबडीवाल्यांनी विलायतेत फुटबॉल घेतला, आणि पुढे काय झाले ते बघा, असा तो सूर. गंमत आहेच, पण ती समजायला थोडे मागे जावे लागेल.

ब्लॅकबर्न हे मुळापासून विणकरांचे गाव. एका चाकावर अनेक चात्या फिरवून सूत काढण्याचे यंत्र ज्याने बनवले तो जेम्स हरग्रीव्हज ह्याच परिसरातला. त्याच्या यंत्राने आपल्या पोटावर पाय येणार हे ओळखून १७६८ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या घरावर चाल करून यंत्रे मोडली. पुढे शंभर वर्षांत त्याच शेजाऱ्यांची नातवंडे-पतवंडे गिरण्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी गावची वस्ती सव्वा लाखाच्या वर गेली होती आणि घरटी कोणी ना कोणी मागावर होते. त्यातही ब्लॅकबर्नचा खास माल म्हणजे धोतरे आणि मलमल, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपण. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात मंदी आली, की ब्लॅकबर्नच्या चुलीवर परिणाम होई.

असल्या गावात फुटबॉल कसा रुजला, हे पाहण्यासारखे आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५ साली निघाला, तो सुखवस्तू घरांतल्या, चांगल्या शाळांत शिकलेल्या तरुणांनी काढला. पण गावात आणखी एक संघ होता, ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाचा. त्यात कोणी विणकर, कोणी ओतकामावरचा मजूर, कोणी नळजोडणीवाला, कोणी कारकून. इंग्लंडचा सर्वांत मानाचा असोसिएशन चषक तोवर सरदार-सावकारांच्या मुलांचा मानला जाई. ईटनच्या जुन्या विद्यार्थ्यांचा संघ तो जणू वडिलोपार्जित म्हणून नेत असे. १८८३ साली अंतिम सामन्यात ह्या ईटनकरांपुढे ऑलिंपिकचे कामगार उभे राहिले आणि जादा वेळात २-१ असे जिंकले. त्यानंतर तो चषक त्या वर्गाकडे फिरून कधी गेला नाही.

आता ह्यातली मेख अशी, की गिरणीत खपणारी ही माणसे सामन्यापूर्वी आठवडाभर समुद्रकाठी ब्लॅकपूलला सरावासाठी जाऊन राहिली होती. रोजंदारीवरच्या मजुराला आठवडाभर समुद्राची हवा कोण खाऊ घालतो? ती खाऊ घातली सिडनी येट्स नावाच्या ओतशाळेच्या मालकाने. म्हणजे श्रीमंत कारखानदाराने फुटबॉलवर पैसा ओतायचा, ही रीत ह्या गावात पहिल्या विजयापासूनची आहे. लंडनच्या सभ्य मंडळींनी ह्याबद्दल पुष्कळ नाके मुरडली. अखेर १८८५ साली खेळाडूला पगार देणे नियमात बसवावे लागले. पण पगार सुरू होताच ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, हेही ठरून गेले. ऑलिंपिकची थैली लहान होती. चषक जिंकून सहा वर्षे होतात तोच, १८८९ मध्ये, तो क्लब बुडाला.

रोव्हर्स मात्र तगले. १८८४, ८५ आणि ८६ असा लागोपाठ तीनदा त्यांनी चषक नेला. १८८८ साली बारा क्लबांची लीग निघाली तेव्हा ते संस्थापकांत होते. ज्या ईवुड पार्क मैदानावर त्यांचा मुक्काम आहे तिथे ते १८९० पासून आहेत. १९१२ आणि १९१४ साली त्यांनी लीगही जिंकली. त्या वेळी क्लबाचे अध्यक्ष होते एक गिरणीमालक, आणि त्यांचे आडनाव, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, कॉटन असे होते. १९१४ साली गाव भरभराटीच्या शिगेला होते. त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले.

त्यानंतर उतरण लागली. आपल्याकडे ह्या उतरणीचे सगळे श्रेय स्वदेशीला देण्याची पद्धत आहे. १९०५ सालच्या ऑक्टोबरात पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कापडाची होळी झाली. १९३० च्या १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापड नेणारी मोटार अडवताना बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातून आलेला गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला. त्या ज्वालांचे आणि त्या रक्ताचे मोल कमी करण्याची माझी इच्छा नाही. परंतु हिशेब पाहिला तर युद्धात बोटी अडल्या, त्या अवधीत मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी बाजार व्यापला, मागाहून स्वस्त जपानी कापड आले, आयात-जकात वाढली, आणि ह्या सगळ्यावर शेवटचा घाव बहिष्काराने घातला. परिणाम एकच. ब्लॅकबर्नचे माग थंड पडले.

१९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना, गांधीजी मुद्दाम ह्या भागात आले. ब्लॅकबर्नला लागून डार्वेन नावाचे गाव आहे. तिथे ते उतरले. ज्यांच्या पोटावर आपल्या चळवळीने पाय आणला त्यांच्या दारात जाऊन उभे राहणे हे धाडसच होते. बेकार विणकरांना त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. तुमचे दुःख मला दिसते आहे, पण माझ्याकडे याहून उपाशी माणसे आहेत, असेच त्यांनी सांगितले. आणि तरीही गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती जमल्या. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे: मध्ये पंचा आणि शाल पांघरलेले गांधीजी, आणि भोवती हात उंचावून हसणाऱ्या, जयजयकार करणाऱ्या लँकेशायरच्या बायका. ज्या धोतरांवर त्यांची घरे चालली, त्या धोतराला नकार देणाऱ्या माणसाचे हे स्वागत. माणसांचे मन कोणत्या हिशेबाने चालते, देव जाणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या गिरण्यांत रात्रपाळीला गोरे कामगार मिळेनात, तेव्हा गुजरातेतून, पंजाबातून, पाकिस्तानातून माणसे आली आणि तिथेच वसली. गिरण्या पुढे गेल्या, माणसे राहिली. क्लबाची दशाही गावासारखीच झाली. १९२८ साली मिळवलेला चषक हे शेवटचे मोठे यश. त्यानंतर साठ वर्षे शेंदराच्या देवासारखे जुने नाव तेवढे राहिले.

ह्या अवस्थेत गावचाच एक मुलगा परत आला. जॅक वॉकर त्याचे नाव. बापाचा पत्र्याचा लहानसा कारखाना जॅक आणि त्याचा भाऊ फ्रेड ह्यांनी वाढवून पोलादाचा मोठा व्यापार केला, आणि १९८९ साली तो ब्रिटिश स्टीलला तेहतीस कोटी पौंडांच्या घरात विकून टाकला. जॅक त्याआधीच जर्सी बेटावर राहायला गेला होता. कर वाचवण्यासाठी, हे सांगणे नलगे. पण लहानपणी ज्या मैदानाच्या कडेला उभे राहून त्याने सामने पाहिले होते ते काही त्याच्या डोक्यातून जाईना. १९९१ साली त्याने क्लबाची सूत्रे हाती घेतली आणि पैशाचा नळ सोडला. लिव्हरपूलला वैभव मिळवून देणारा केनी डॅलग्लिश मॅनेजर म्हणून आला. १९९२ मध्ये ॲलन शिअरर हा तरुण तेहतीस लाखांवर पौंड मोजून आणला. त्या वेळी इतकी किंमत ब्रिटनमध्ये कोणी मोजली नव्हती. तीन नवे सज्जे उठले. गावकऱ्यांना आधी हे सगळे स्वप्नासारखे वाटले असेल.

१९९५ च्या मे महिन्यातला, हंगामाचा शेवटचा रविवार मात्र खराच उजाडला. रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर खेळत होते आणि मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये. रोव्हर्स हरले आणि युनायटेड जिंकले, तर अजिंक्यपद युनायटेडचे. रोव्हर्स शेवटच्या मिनिटांत २-१ असे हरले. पण लंडनहून बातमी आली, की युनायटेडला बरोबरीच पत्करावी लागली. हरलेला संघ अजिंक्य ठरला आणि रडवेल्या डोळ्यांचा जॅक वॉकर चषक उंचावत उभा राहिला. एक्याऐंशी वर्षांनी लीग गावात आली होती.

लंडनच्या वर्तमानपत्रांनी तेव्हाही म्हटलेच, की हे यश विकत घेतलेले आहे. होतेच. परंतु गावाने त्याला कधी धनी म्हटले नाही, आपला जॅकच म्हटले. ईवुड पार्काबाहेर आज त्याचा पुतळा आहे. २००० साली तो वारला तेव्हा क्लब खालच्या विभागात गेलेला होता. पुढल्या वर्षी तो वर आला, २००२ मध्ये लीग चषकही जिंकला. पण जॅकच्या मागे मालकी राहिली ती त्याच्या विश्वस्तनिधीकडे. विश्वस्त हे हिशेबाचे लोक. त्यांना लहानपणीचे मैदान आठवण्याचे कारण नव्हते. काही वर्षांत त्यांनी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

तोवर इंग्लंडातला फुटबॉल पार बदलला होता. जुन्या काळी संघाच्या कंपनीने भागधारकांना किती नफा वाटावा ह्यावर असोसिएशनचा अंकुश असे, म्हणून व्यापारी त्यात पडले तरी हौसेने पडत. १९८३ साली लंडनच्या टॉटनहॅमने वर एक पालक-कंपनी उभारून तो अंकुश चुकवला आणि शेअरबाजारात प्रवेश केला. १९९२ पासून प्रीमिअर लीग आणि दूरचित्रवाणीचा पैसा आला. मग जगभरचे धनिक धावले. इजिप्तच्या फायेदांनी १९९७ मध्ये फुलहॅम घेतला, २००३ मध्ये रशियाच्या अब्रामोविचने चेल्सी, २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड, तेही बरेचसे कर्ज काढून आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवून. २००८ मध्ये अबुधाबीच्या शेखांनी मँचेस्टर सिटी. गावची वस्तू गावात राहिली नव्हती.

पुण्याचे राव घराणे हे ह्या रांगेत शेवटी उभे राहिलेले. डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी १९७१ साली कोंबड्यांच्या पैदाशीचा उद्योग सुरू केला, आणि तो वेंकटेश्वरा हॅचरीज ह्या नावाने देशभर पसरला. अंड्याचा भाव दलालांनी ठरवायचा आणि कोंबडीवाल्याने मुकाट्याने घ्यायचा, ही रीत मोडण्यासाठी १९८२ साली जी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली तिच्यामागे रावच होते. रविवार असो की सोमवार, रोज अंडे खा, हा तिचा प्रचार कानावरून गेला नाही असे घर विरळा. सोवळ्याची घरेसुद्धा त्या गाण्यावर मान डोलावून गेली. १९९६ साली राव वारले. पुढे कारभार त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश व बालाजी ह्यांच्याकडे आला. ह्या भावंडांनी १९ नोव्हेंबर २०१० रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्सचे जवळजवळ सर्व भाग २ कोटी ३० लक्ष पौंडांना घेतले. म्हणजे तेव्हाच्या भावाने १६०-१६५ कोटी रुपये. कर्जाचा बोजा वेगळा. महिनाभर आधीच लिव्हरपूल अमेरिकनांना ३० कोटी पौंडांना गेला होता. त्यामानाने रोव्हर्स स्वस्तच. जगभरच्या पडद्यावर नाव झळकायचे, तर जाहिरातीचा खर्च म्हणूनही तो सौदा फार वाटला नसावा.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. विकणाऱ्याने खुशीने विकले, घेणाऱ्याने रोख दिले. कोणी कोणाला फसवले नाही. चूक झाली ती पुढल्या महिन्यात.

मॅनेजर सॅम ॲलरडाइस हा जुना, रांगडा, अनुभवी माणूस. त्याच्या खेळात सौंदर्य नव्हते, पण संघ वीस जणांत तेराव्या जागी सुखाने बसला होता. १३ डिसेंबरला नव्या मालकांनी त्याला घरी पाठवले आणि त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला गादीवर बसवले. ज्याने स्वतंत्रपणे असा मोठा संघ कधी सांभाळला नव्हता, असा तो माणूस. खेळाडूंच्या व्यवहारात वावरणाऱ्या सल्लागारांचा शब्द मालकांकडे फार चालतो, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येऊ लागली. रोनाल्डिन्योला आणण्याच्या बातम्या झळकल्या. तो ब्राझीलला निघून गेला. जे जुने कारभारी क्लबाची खडान्‌खडा माहिती बाळगून होते ते काही महिन्यांत बाहेर पडले. माझ्या मते इथेच सगळे आले. पैदाशीच्या धंद्यात हुकूम पुण्याहून सुटला की पोल्ट्रीत तो अमलात येतो. फुटबॉल संघ म्हणजे सुनेच्या स्वभावासारखा. तो समजायला त्या घरात राहावे लागते. मालक पाच हजार मैलांवर, आणि मैदानावर त्यांचे येणे उत्तरोत्तर कमीच होत गेले.

पहिल्या वर्षी संघ शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ असे हरवून वाचला. दुसऱ्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरी वर्षाअखेरीस धूळ चारली, पण तेवढेच. ७ मे २०१२ रोजी ईवुड पार्कावर, पावसात, विगनने १-० असे हरवले आणि अकरा वर्षांचा वरच्या वर्गातला मुक्काम संपला. त्या दिवशी कोणीतरी क्लबाच्या रंगांचे कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती बिचारी इकडेतिकडे पळाली, खेळ क्षणभर थांबला, छायाचित्रे जगभर गेली. प्रेक्षकांचा राग समजण्यासारखा होता. तरीही, परक्या देशातले, वेगळ्या रंगाचे, कोंबड्या विकणारे लोक, ह्या तिन्ही गोष्टींचा त्या हशात किती वाटा होता, असे मनात येतेच. पोलाद विकणाऱ्यावर कोणी पत्र्याचा तुकडा फेकला नसता.

पुढले वर्ष तर खो-खोसारखे गेले. कीन सप्टेंबरात गेला. हेनिंग बर्ग हा जॅकच्या अजिंक्य संघातला जुना खेळाडू आला आणि ५७ दिवसांनी गेला. त्याला द्यायच्या भरपाईचा वाद कोर्टात जाऊन क्लबालाच पैसे भरावे लागले. त्याच्यानंतरचा मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकला. २०१७ साली रोव्हर्स तिसऱ्या विभागात घसरले, तेही शेवटच्या दिवशी सामना जिंकून, केवळ गोलांच्या फरकाने. प्रीमिअर लीग जिंकलेला संघ इतका खाली गेल्याचे हे पहिलेच उदाहरण. टोनी मोब्रे नावाच्या शांत मॅनेजरने दुसऱ्याच वर्षी त्यांना वर आणले. आणि मग, नवल म्हणजे, मालक स्वस्थ बसले. त्याला त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ ठेवले.

ह्या सगळ्या अवधीत राव भावंडांनी क्लब सोडला नाही, हेही सांगायला हवे. दरवर्षीची तूट पुण्याच्या पैशाने भरून निघत राहिली. वीस कोटी पौंडांच्या घरात ती रक्कम गेली, म्हणजे मूळ किमतीच्या कितीतरी पट. २०२३ पासून भारतातल्या सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे विलायतेत पैसे पाठवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याची पाळी आली, आणि ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना दिल्लीच्या कोर्टाच्या तारखा पाठ झाल्या. दादाभाईंनी विलायतेकडे वाहणाऱ्या हिंदी संपत्तीचा हिशेब मांडला होता. हा ओघ पाहून ते काय म्हणाले असते?

आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला. २०११ च्या ऑक्टोबरात, म्हणजे सारे अजून पुरते बिघडले नव्हते तेव्हा, मालकांनी आपला संघ पुण्याला आणला. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधला क्लब भारतात येऊन खेळण्याचा तो पहिलाच प्रसंग. बालेवाडीच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या सदऱ्यांतले ब्लॅकबर्नचे खेळाडू उतरले. समोर होता पुणे फुटबॉल क्लब. हा क्लब अशोक पिरामल समूहाचा, आणि ह्याच समूहाकडे मोरारजी गोकुळदास ही १८७१ साली उभी राहिलेली मुंबईची जुनी कापडगिरणी आलेली होती. पुण्यात सावरकरांनी कापड जाळले तोही ऑक्टोबरच होता. ब्लॅकबर्नने सामना आरामात जिंकला. प्रेक्षकांत पुण्याच्या शाळांतली पोरे पुष्कळ होती, आणि ती दोन्ही बाजूंच्या गोलांना सारख्याच टाळ्या द्यायला बसली होती.